नळी कोणी फुगवली

अरविंद, परवा वेम्बलीच्या हॉलमध्ये तुझी शोकसभा झाली आणि तू तिथे हवा होतास असं मला मनापासून वाटलं. स्वतःबद्दल एवढं खोटं एका बैठकीत ऐकून तूसुद्धा लाजला असतास. निदान खुर्चीत चुळबुळ तरी केली असतीस. मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी तुला 'अचूक नेमबाज' म्हटलं. ज्यांनी तुझ्या हातात बंदूक कधी पाहिलीही नाही, त्या एका गृहस्थांनी तुला थेट राष्ट्रीय पातळीवर नेऊन बसवलं. मी मागच्या रांगेत कागदी कपातला चहा घेऊन बसले होते. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "तुम्ही जायचात ना त्यांच्याबरोबर शूटिंगला? खरंच इतके छान मारायचे का?" मी म्हटलं, "शेजारच्या लेनमधलं टार्गेट ते फार छान मारायचे." बाईंनी कौतुकाने मान डोलावली. एव्हाना ते निम्म्या वेम्बलीत पोचलं असेल.

मीही बोलावं म्हणून तुझा समीर मागे लागला होता. क्रॉयडनहून दोन मुलं आणि फुलांचा ढीग घेऊन आला होता बिचारा. "मावशी, तू दोन शब्द बोल ना, बाबाला बरी वाटली असती." पोरगा चाळिशीला आला तरी त्याचं मराठी पाळण्यातच आहे, पण मनाचा चांगला आहे. तुझ्यावर गेला नाही. मी त्याला नाही म्हटलं. माझ्याकडे जे दोन शब्द होते ते तुझ्या शैलासमोर बोलण्यासारखे नव्हते, आणि बाकीचं दोन शब्दांत मावत नव्हतं. म्हणून आता लिहायला बसलेय. याला श्रद्धांजली समजू नकोस. मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी होती, दोन वर्षं मी तिची वाट पाहिली, आणि ती न देता तू सुटलास.

तुला तुच्छ लेखायची सवय मला पहिल्यापासूनच होती हे कबूल. तू सर्जन, मी भूल देणारी. आपल्या हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत होतं की पाटणकर आणि डॉक्टर निर्मला एका थिएटरमध्ये असले की पेशंट सोडून सगळ्यांची करमणूक होते. पेशंटचं ब्लड प्रेशर घसरलं की तू मान वर न करता म्हणायचास, "निर्मला, तुझ्या बाजूला काहीतरी बिघडलंय." हात तुझे रक्तात, आणि बिघडलंय माझ्या बाजूला. मी पडद्यावरून डोकावून म्हणायचे, "माझ्या बाजूला तो शांत झोपलाय. जागा झाला आणि तू काय करतोयस ते त्याने पाहिलं तर मात्र बिघडेल." नर्सेस हसायच्या. तूही हसायचास. पेशंट बरे व्हायचे, हे मान्य करायला हवं. हात चांगला होता तुझा. तुझं सगळं वाटोळं त्या चांगल्या हातानेच केलं.

रिटायर झाल्यावर लोक बागकाम करतात, क्रूझवर जातात. तू रीडिंगबाहेरच्या त्या चुनखडीच्या जुन्या खाणीतल्या क्लबात नाव घातलंस आणि ठासणीची बंदूक घेतलीस. साधी बंदूक चालली नसती तुला. जिच्या तोंडातून आधी काळी दारू ओतायची, मग तेल-तुपाच्या चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी ठेवायची, मग गजाने ती खालपर्यंत ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची, आणि एवढं सगळं करून एकदाच उडवायची, तीच तुला हवी होती. आणि एकट्याने जायला लाज वाटत होती म्हणून मला ओढलंस. "निर्मले, तुला आवडेल. सगळं मोजून-मापून असतं," म्हणालास. हे मात्र खरं निघालं. मला आवडलं. पोलिसांचे सगळे सोपस्कार करून मी स्वतःची रायफल घेतली आणि दुसऱ्या वर्षापासून तुझ्यापेक्षा बरी मारायला लागले. त्याबद्दल परवा वेम्बलीत कोणी एक अक्षर काढलं नाही.

तुझे तिथले प्रताप काय सांगू. चिंधीला लावायला बाकीचे मेंढीची चरबी वापरतात. तू शाकाहारी, म्हणून मेणात साजूक तूप कालवून स्वतःचं वंगण बनवलंस. तुझी गोळी सुटली की आधी दारूचा वास यायचा आणि मागोमाग कोणीतरी बेसन भाजायला घेतल्यासारखा. गोऱ्यांना तो फार आवडायचा. आणि त्यावर तुझा तो ठरलेला विनोद. दर रविवारी, जो कोणी नवा सापडेल त्याला. चरबीच्या काडतुसांवरून अठराशे सत्तावन्न साली आमच्या पूर्वजांनी बंड केलं, आणि बघा, मी इथे त्यांच्याच राज्यात तूप लावून ठासतोय. ते बिचारे कसनुसं हसायचे, काहीजण माफीसुद्धा मागायचे. तुझे खापरपणजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते आणि बंडाच्या धामधुमीत त्यांनी एक दिवसही खाडा केला नव्हता, हे तूच मला थिएटरमध्ये अभिमानाने सांगितलं होतंस. ते तिथे कधी सांगितलं नाहीस.

दसऱ्याला तू बंदूक देवांपुढे ठेवलीस तेही आठवतं. शस्त्रपूजा. युटिलिटी रूममध्ये वॉशिंग मशीनच्या वर तुमचे देव, त्यांच्यापुढे ती बंदूक, तिच्यावर ओल्या बोटाने ओढलेलं हळदकुंकू, झेंडूची फुलं. मग आपण सगळे जेवायला बसलो, श्रीखंड झालं, पत्ते झाले. दुसऱ्या दिवशी नळीवर तांबूस डाग. पोलाद आहे ते, अरविंद, पाटावरची सुपारी नाही. जी बंदूक वापरल्यावर त्याच दिवशी उकळत्या पाण्याने धुतली नाही तर गंजते, तिला तू ओलं कुंकू लावून रात्रभर ठेवलंस. आणि खापर कोणावर फोडलंस? शैलावर. "तूच कुंकू जास्त ओलं केलं होतंस." डाग घासायला राखही शैलानेच आणून दिली. दर रविवारी तू तिच्या किचनमध्ये ती नळी धुवायचास आणि ज्या घरात कधी अंडं आलं नाही त्या घराला सडक्या अंड्यांचा वास यायचा. ती खिडक्या उघडायची. मी असते तर तुझ्यासकट बंदूक बाहेर ठेवली असती.

आता आपल्या भांडणाचं. ते अर्धं राहिलंय, आणि आता मीच एकटी भांडणार असल्याने जिंकणारही मीच.

गोळी नळीत पूर्ण खाली, दारूवर घट्ट बसायला हवी. मधेच राहिली आणि खाली पोकळी उरली, तर बार उडतो तेव्हा नळी आतून फुगते. नशीब वाईट असेल तर फुटते, आणि धरणाऱ्याची बोटं जातात. म्हणून शहाणी माणसं गजावर खूण करतात. गोळी नीट बसली की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी येते. नाही आली तर थांबायचं. एवढं सोपं आहे. मी जन्मभर सिरिंजांना लेबलं लावली, एकही औषध नुसतं आठवणीवर दिलं नाही, त्यामुळे माझ्या गजाला पहिल्या दिवसापासून खूण आहे. तुझ्या गजालाही मी एकदा पांढरी चिकटपट्टी लावली होती, थिएटरमधलीच. तू ती माझ्यासमोर सोलून काढलीस. "तुझ्या सिरिंजांना लाव. मला हाताला कळतं."

हाताला कळतं. किती वेळा ऐकलं असेन मी हे. मी म्हणायचे, हात चुकतो, खूण चुकत नाही. तू म्हणायचास, भूल देणाऱ्यांना हात नसतोच, नुसते आकडे असतात. जाताना गाडीत हे भांडण, येताना गाडीत हेच भांडण. तुझं माझं एकमत व्हायचं ते फक्त एमफोर मोटरवेवरच्या ट्रॅफिकबद्दल.

मग तो रविवार आला. माझ्या रायफलचा घोडा दुरुस्तीला गेला होता म्हणून मी तुझ्या रायफलने मारत होते. माझं झालं, मी चहा घ्यायला शेडमध्ये गेले. तू ठासायला घेतलंस, आणि तेवढ्यात एक नवं जोडपं बघायला आलं. झालं. सत्तावन्न साल सुरू. माझी पाठ होती तरी मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. गज नळीत आणि तू बंडाच्या मध्यावर. मग बार उडाला, आणि तो आवाज वेगळा होता. भरलेल्या माठावर टिचकी मारावी तसा, बद्द. मी बाहेर येऊन विचारलं, "काय रे, आवाज असा का आला?" तू रायफल पिशवीत घालत होतास. इतक्या घाईने तुला काही आवरताना मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणालास, "दारू सर्दावली असेल."

पुढच्या रविवारी जेफने, म्हणजे क्लबच्या चेअरमनने, तुझ्या नळीवरून सहज कापड फिरवलं आणि त्याचा हात मधेच थांबला. बोटाला कडं लागत होतं. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "अरविंद, ही कोणी वापरली होती?" आणि तू म्हणालास, "मागच्या आठवड्यात निर्मला वापरत होती."

खोटं नाही बोललास. तेवढी अक्कल तुला होती. वाक्य शंभर टक्के खरं होतं. मी वापरत होते. तू एवढंच बोलून मूग गिळून बसलास आणि बाकीचं त्यांना समजू दिलंस.

तुझं नाव मी घेतलं नाही, ते तू स्वतःच सांगशील असं वाटलं; एवढंच म्हटलं की प्रत्येक गोळी ठासल्यावर मी गज तपासते. जेफ म्हणाला, "पण या गजाला तर खूणच नाही, निर्मला." नव्हतीच. सोलून काढली होतीस ना. कमिटीसमोर मला बोलावलं, बिस्किटं ठेवली होती, आणि इंग्रज माणूस अपमान करतो तेव्हा जितका गोड बोलतो तितकं गोड बोलले. कोणी तुला दोष देत नाही हं, निर्मला. फक्त सगळ्यांच्या मनाच्या शांतीसाठी. त्या शांतीसाठी मी दंडाला नवशिक्यांचा नारिंगी पट्टा बांधायचा आणि दर वेळी जेफने शेजारी उभं राहून मी ठासते ते बघायचं. प्रत्येक गोळीला तो "लव्हली" म्हणायचा. मी चाळीस वर्षं लोकांचा श्वास हातात धरून बसले, अरविंद. माझ्या टेबलावर एक माणूस निष्काळजीपणाने गेला नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं काहीच नाही, मी दिसायला बरी नव्हते, गोड बोलता येत नव्हतं, पण माझं काम बघून लोक निर्धास्त झोपायचे. तेवढंच एक माझं होतं आणि ते तू तुझ्या कातडीसाठी दिलंस. त्या खोलीत तू माझ्या शेजारी बसला होतास आणि बुटाची लेस बांधत होतास. बराच वेळ बांधत होतास.

तू नवी नळी बसवून घेतलीस. मला पट्टा बसला.

लोक विचारतील, मग येणं का नाही सोडलं. सोडलं असतं तर मीच केलं असं झालं असतं. आणि खरं सांगू का, तुझ्याशिवाय माझं होतंच कोण भांडायला? आमचे हे गेल्यावर रीडिंगमध्ये माझ्याशी सगळे जपून बोलतात. कशा आहात, काळजी घ्या, काही लागलं तर सांगा. तू तेवढा हॉर्न वाजवून ओरडायचास, "निर्मले, म्हातारे झालो, आटप." मी तुझ्या गाडीत बसायचे, तुझ्याकडे न बघता. त्या रविवारचा विषय तू काढला नाहीस, मीही काढला नाही. मी वाट बघत होते. आज काढेल. परतीच्या वाटेवर तरी काढेल. तू तुपाचा भाव, समीरच्या मुलांचे क्लास, जीपी डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळत नाही, सगळं बोलायचास.

आणि तुझा पुरता तिरस्कार करावा तर तेही धड करू दिलं नाहीस मेल्या. नळीच्या भानगडीआधी माझी आई मिरजेला वारली तेव्हाची गोष्ट. भाऊ म्हणाला, तू पोचेपर्यंत सगळं आटोपेल, येऊ नकोस. मी घरात बसून होते, रडू येत नव्हतं. तू दारात आलास. बसलास नाहीस, सांत्वन केलं नाहीस, म्हणालास, "चल." भर आठवड्यात, क्लब रिकामा. त्या दिवशी माझी रायफल तू ठासलीस. एकेक करून, एकही शब्द न बोलता, माझ्या गजावरची खूण दर वेळी बघून. तू ठासायचास, मी उडवायचे. काळ्या दारूचा धूर किती येतो तुला माहीत आहे. त्या धुरात मी रडत होते आणि तू टार्गेटकडे बघत उभा होतास, जणू काही मी फार चांगलं मारतेय. मग म्हणालास, "घरी चल, शैलाने खिचडी टाकलीय." हे मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर तुझा राग करणं किती सोपं गेलं असतं.

शेवटच्या आठवड्यात तू आपल्याच हॉस्पिटलात होतास, हृदय दमलेलं, पाय सुजलेले. मी येऊन बसले होते. शैला खाली पार्किंगचं बघायला गेली होती. तू डोळे उघडून म्हणालास, "निर्मला, त्या रविवारचं ते..." निर्मले नाही म्हणालास, निर्मला. मी हातातली पर्स खाली ठेवली. तेवढ्यात नर्स आली ब्लड प्रेशर घ्यायला. पट्टा गुंडाळला, आकडा लिहिला, उशी सारखी केली, गेली. मी थांबले. ऑपरेशनच्या मध्यावर सर्जनला घाई करू नये, हे माझ्या हाडात मुरलंय. तू छताकडे बघितलंस आणि म्हणालास, "इथला चहा म्हणजे नुसतं पाणी." मी म्हटलं, "हो, आपल्या वेळेपासून तसाच आहे." 

आता कालचं ऐक, कारण याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

क्लबात कोणी गेलं की त्याच्या बंदुकीने एक शेवटचा बार करायचा असतो. कोणी करायचा ते घरच्यांनी सांगायचं. शैलाने माझं नाव सांगितलं. पोलिसांची परवानगी काढून जेफने तुझी रायफल आणून ठेवली होती. सगळे ओळीने उभे, शैला समीरचा हात धरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या खाणीत. मी पुढे झाले आणि जेफ हळूच माझ्याजवळ आला. हातात नारिंगी पट्टा. "यू वोन्ट माइंड, निर्मला? जस्ट द युजुअल." मी दंड पुढे केला. सवयच झाली होती.

शैलाने विचारलं, "हे काय बांधतोय तो तुम्हाला?"

मी म्हटलं, "ज्यांच्यावर भरवसा नसतो त्यांना बांधतात. नळी फुगवल्यापासून आहे मला."

"अजून?" शैलाने पट्ट्याकडे बोट केलं. "ते म्हणाले होते की कोणी काही बोललं नाही. मिटलं म्हणाले होते."

"दोन वर्षं झाली, शैला. दर रविवारी घालते मी हा."

मग तुझ्या बायकोने काय केलं माहीत आहे? जिच्या अंगावर तू आयुष्यभर कुंकवापासून सगळं ढकललंस, ती समीरचा हात सोडून जेफपुढे जाऊन उभी राहिली. तिचं इंग्रजी तुला हसायला पुरायचं. ती म्हणाली, "माय हजबंड डिड इट. नॉट हर. ही टोल्ड मी सेम डे. प्लीज रिमूव्ह दॅट." आणि त्याने हालचाल करायच्या आत तिने स्वतःच माझ्या दंडावरचा पट्टा सोडला. गाठ सुटत नव्हती, पण तिने कोणाला हात लावू दिला नाही.

नंतर शेडमध्ये बाकावर बसून तिने मला सगळं सांगितलं. तू त्या दिवशी घरी येऊन किचनमध्ये खुर्चीवर बसलास आणि नळी धुतलीसुद्धा नाहीस. गोळी खाली गेली होती की नव्हती हे तुला आठवतच नव्हतं. हाताला कळलं नव्हतं. आणि ते पहिल्यांदा होत नव्हतं, गाडी कुठे लावली तेही तू विसरायला लागला होतास. कबूल केलं असतं तर जीपीपर्यंत गेलं असतं, परवाना गेला असता, पुढे गाडीही गेली असती. शैला रोज मागे लागली, जा आणि त्यांना सांग. तू म्हणायचास, पुढच्या रविवारी. आणि एकदा म्हणालास, "निर्मला सोसेल. ती घट्ट आहे."

निर्मला सोसेल. मी शैलाला ते पुन्हा म्हणायला लावलं, कानांवर विश्वास बसेना. मी घट्ट आहे म्हणून माझ्यावर टाकलंस? घट्ट माणसाला लागत नाही असं कुठल्या मेडिकल कॉलेजात शिकवलं तुला? भित्रा होतास तू, अरविंद. थिएटरमधल्या सगळ्या रुबाबाखाली एक नंबरचा भित्रा. आणि भीती वाटली होती तर मला सांगायचं होतंस रे गाढवा. माझा धंदाच तो होता. धडधाकट पैलवान माणसं टेबलावर आडवी झाली की माझा हात धरून सांगायची, डॉक्टर, भीती वाटते. मी कोणाला हसले नाही. तुलाही हसले नसते. तुझ्या गजाला खूण केली असती आणि शेजारी उभी राहिले असते, बस.

तुझा बार मी केला. स्वतः ठासला, शेजारी कोणी नव्हतं. गोळी कागदाच्या खालच्या कोपऱ्याला लागली. तुझ्या बंदुकीकडून मला जास्त अपेक्षा नव्हती.

त्यानंतर सगळ्यांनी माझी माफी मागितली. जेफने तीनदा मागितली आणि कमिटीत रीतसर नोंद करतो म्हणाला. नेहमी माझ्यापासून एक लेन सोडून उभे राहायचे तेही येऊन हात मिळवून गेले. समीरने मागितली, त्याचा तर काही संबंधच नव्हता. शैला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी रडली की तिलाच मला सावरावं लागलं. माझं नाव मला परत मिळालं. घरी आले, चहा केला, आणि आज दिवसभर वाट पाहत होते की आता बरं वाटेल. वाटलं नाही. मागणाऱ्यांत तू नव्हतास.

मंडळातल्या बायका म्हणतात, आता मनातून काढून टाका, गेलेल्या माणसावर राग धरू नये, माफ केलं म्हणा आणि मोकळ्या व्हा. मी म्हणणार नाही. मेलास म्हणून फुकटात मिळेल असं समजू नकोस. तुला फक्त माझ्यासमोर उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. मी तुला भरपूर शिव्या दिल्या असत्या, आठवडाभर बोलले नसते, आणि मग माफ केलं असतं. केलं असतं रे, अरविंद. तेवढं तरी मला करू द्यायचं होतंस.